गाय पुढं, शेळ्या मधी, मेंढरं मागं

आमच्या घरून गायरानावर जायची एक शिस्त होती आणि ती आपणच बसवली असं आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं होतं. गाय पुढं, शेळ्या मधी, मेंढरं मागं. एक गाय, चौदा शेळ्या आणि सहा मेंढरं एवढाच सगळा लवाजमा. पण सकाळी दारातून निघताना एखाद्या पुढाऱ्याची मिरवणूक निघावी तसा निघायचा. मी जवळच्या मोठ्या गावात जनावरांच्या दवाखान्यात परिचर आहे. तेरकडून येणारी बस धरायला मीही त्याच वेळी बाहेर पडायचे आणि या सगळ्यांना वाट द्यायला मला गटाराच्या कडेला अंग चोरून उभं राहावं लागायचं. साडीवर शेण उडालं की मी चिडायचे. आप्पा मागं वळून न बघताच म्हणायचे, "पगार कुणाच्या जीवावर मिळतोय ते ध्येनात ठिव."

या शिस्तीमागं त्यांचं शास्त्र होतं. गाय जिभेनं गवताचा पुंजका ओढून तोडते, म्हणून तिला उंच गवत लागतं. तिनं वरचं नेलं की खालचं कोवळं उघडं पडतं, ते मेंढरांचं. मेंढरू ओठांनी जमिनीलगतचं खुडतं. शेळीला गवताचं फारसं पडलेलं नसतं; ती बोरी-बाभळीकडं मान वर करून हिंडते आणि जमलं तर मागच्या दोन पायांवर उभी राहून शेंगा तोडते. क्रम उलटा झाला तर मात्र गाय उपाशी राहते, कारण मेंढरानं तोंड लावलेल्या जागी ती नाक मुरडते. "एका माळावर तिघं जेवत्यात आन् कुणाचं उष्टं कुणाला लागत न्हाई," आप्पा सांगायचे, "फकस्त बसायची पाळी चुकवायची न्हाई." मी हे एकदा आमच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, अगदी बरोबर आहे, आम्हाला पुस्तकात हेच शिकवलं. हे मी घरी बोलले नाही. आप्पांचा ताठा आधीच काही कमी नव्हता.

आमची गाय लाल कंधारी जातीची, रंगानं तांबडी आणि स्वभावानं शेळी. जन्मल्यावर चौथ्या दिवशी तिची आई गेली. तेव्हा आप्पांनी तिला बाटलीनं शेळीचं दूध पाजलं आणि थंडी वाजू नये म्हणून शेळ्यांच्या खोपटात करडांमध्ये झोपवलं. ती करडांतच वाढली आणि करडांच्या तिप्पट झाली तरी तिला ते कळलं नाही. गायरानावर गावची सगळी गुरं लिंबाखाली एकत्र बसायची, ही मात्र त्यांच्याकडं ढुंकून बघायची नाही. शेळ्या जिथं, तिथं ही. कालवड असताना बोरीच्या फांदीसाठी पुढचे पाय उचलायला जाऊन तोंडावर आपटलेली मी स्वतः बघितली आहे. मोठी झाल्यावर आप्पांनी तिच्या गळ्यात पितळी घंटी बांधली. घंटी हलली की शेळ्या उठायच्या आणि घंटी वळली की वळायच्या. राखणीला आप्पांना काठीसुद्धा लागत नसे. आई गेल्यानंतर घरात आम्ही दोघंच उरलो होतो आणि दिवसभर मी दवाखान्यात. त्या माळावर आप्पा काय करतात, कुणाशी बोलतात, असं मला कुणी विचारलं असतं तर मी गायीशी असंच सांगितलं असतं.

मग लम्पी आला, गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा रोग. बाजार बंद झाले, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लागली, गावात दवंडी फिरली. गुरं गायरानावर सोडायची नाहीत, एकत्र पाणी पाजायचं नाही, प्रत्येकानं आपापल्या दारात वेगवेगळी बांधायची. आम्ही गावोगाव लस घेऊन फिरत होतो. शेळ्यांच्या देवीवरची लस तेव्हा गायींना दिली जात होती, आणि हे कळलं की माणसं हटकून विचारायची, "शेळीची सुई गायीला कशी चालंल?" मी तोंडपाठ झालेलं सांगायचे. आमच्या गायीला लस टोचली त्या दिवशी आप्पा मात्र खूश होते. डॉक्टरांना म्हणाले, "बघा, आता सरकारबी म्हणायलंय आमची गाय शेळीच हाय." डॉक्टर हसले, मीही हसले. लसीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर हिला दाराबाहेर काढू नका, असं त्यांनी जाताना बजावलं.

खरी पंचाईत दुसऱ्या सकाळपासून सुरू झाली. आप्पांनी शेळ्या सोडल्या, पण शेळ्या निघेनात. अंगणात गोळा होऊन गायीच्या दाव्याकडं बघत उभ्या राहिल्या. काठीनं ढकलत नेल्या तर वेशीपर्यंत जाऊन परत फिरल्या. इकडं गाय हंबरून हंबरून घसा फोडत होती. ओली मका टाकली, तिला तोंड लावलं नाही. पेंड भिजवून ठेवली, तीही तशीच. दोन दिवस हेच चाललं. शेळ्यांची पोटं आत गेली, दूध आटलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी आले तर आप्पा उंबऱ्यावर बसलेले.

"शेळ्याला ह्यो रोग होत न्हाई म्हनतीस नव्हं?" त्यांनी विचारलं.

"नाही होत."

"मेंढराला?"

"नाही."

"आन् गायरानावर आता कुणाचंच गुरू न्हाई. मंग आपली गाय शेळ्यांसंगं गेली तर काय बिघडलं?"

मला माहीत होतं. रोग माशीनं जातो, गोचिडानं जातो, आणि माशी काही दवंडी ऐकून घरी बसत नाही. सगळ्या गावच्या शेळ्या-मेंढ्या त्याच माळावर येत होत्या आणि रात्री घरी कुणाच्या ना कुणाच्या गुरांशेजारीच बसत होत्या. त्याच दिवशी दुपारी पलीकडच्या गावात एक बाई गाय चरायला नेताना दिसली तर मी तिला भर रस्त्यात चार माणसांसमोर फैलावर घेतलं होतं. "तुम्हाला सांगून कळत नाही का? मेली म्हणजे आमच्या नावानं ओरडाल," इथवर बोलले होते. ती मान खाली घालून गायीला परत घेऊन गेली. हे सगळं मला उंबऱ्यावर उभी असताना आठवत होतं. पण आत गाय हंबरत होती, आप्पांनी दोन दिवस धड भाकरी खाल्लेली नव्हती आणि मी दमले होते. मी म्हणाले, "जाऊ द्या. पण लांब, टेकाडाकडं न्या. दुसऱ्या कुणाच्या कळपात मिसळू देऊ नका."

दुसऱ्या सकाळी घंटी वाजत गेली. मी गटाराच्या कडेला उभी राहिले आणि त्या दिवशी साडीचं काही वाटलं नाही. चार-पाच दिवस सगळं झकास होतं. गायीनं पोटभर खाल्लं, शेळ्यांना दूध आलं. आप्पा मला म्हणाले, "शिकल्याचा काही तरी उपेग झाला तुझ्या."

सहाव्या दिवशी ती गायरानावर मधेच थांबली आणि शेळ्या तिच्या पुढं गेल्या. आप्पांना एवढ्यावरच कळलं. ते तिला हळूहळू घरी घेऊन आले. मी आले तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि अंग तापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मानेवरून हात फिरवला तर कातड्याखाली हरभरे पेरल्यासारखं लागलं. मी हात काढून घेतला. गेला महिनाभर मी लोकांच्या गायींवर असाच हात फिरवून "लम्पीच आहे" असं सांगत होते.

डॉक्टर आले. तापाचं, सुजेचं इंजेक्शन दिलं, जखमांवर मारायचा फवारा दिला. या रोगावर थेट असं औषध नाही, जनावराच्या अंगात ताकद असेल तर ते निभावतं. हे मला सांगायची त्यांना गरज नव्हती. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि विचारलं, "शेळ्यांबरोबर सोडली म्हणून झालं का?" त्यांनी पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "सांगता येत नाही. माशी तुमच्या अंगणातही होतीच. लस द्यायच्या आधीच लागण झालेली असेल. गायरानावरही झाली असेल. कुणालाच सांगता येणार नाही." त्यांनी मला सोडवायला हे सांगितलं हे मला कळत होतं. पण मी सुटले नाही. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

गायीला घराच्या मागं चिंचेखाली वेगळं बांधलं. आता शेळ्यांचं काय, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि त्यावर तोड मीच काढली. मी म्हणाले, "आप्पा, गायीची घंटी त्या मोठ्या शेळीला बांधा." आप्पांना ते आवडलं नाही. जित्या जनावराच्या गळ्यातली घंटी उतरवत नाहीत, असं ते पुटपुटले. पण शेळ्या उपाशी होत्या. त्यांनी घंटी उतरवली, डेटॉलच्या पाण्यानं मीच ती धुतली आणि मोठ्या काळ्या शेळीच्या गळ्यात बांधली. शेळी चालली, घंटी वाजली, बाकीच्या मुकाट तिच्या मागं गेल्या. मला क्षणभर स्वतःचं कौतुक वाटलं. तेवढ्यात मागून धडपडल्याचा आवाज आला.

चिंचेखाली गाय उठून उभी राहिली होती. आदल्या रात्रीपासून ती उठलेली नव्हती. पुढचे दोन्ही पाय सुजून खांबासारखे झाले होते, त्यावर तिला धड भार देता येत नव्हता, आणि ती दावं ताणून रस्त्याकडं बघत होती. तिचीच घंटी तिच्यावाचून गायरानावर निघाली होती. घंटी ऐकू येईनाशी झाली तरी ती बसली नाही. शेजारणीनं सांगितलं, दिवसभर तशीच उभी होती. संध्याकाळी घंटी परत आली तेव्हा कुठं खाली बसली, बसली म्हणजे कोसळलीच. पायावरच्या गाठी फुटल्या होत्या. मी फवारा मारला, लिंबाच्या पाल्याचा धूर केला आणि पुढं काय करायचं ते न कळून तिथंच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशीपासून आप्पा निघताना घंटीत चिंधी कोंबायला लागले. वेशीपुढच्या वळणापर्यंत शेळीला गळ्याशी धरून न्यायचं, मग चिंधी काढायची. परत येताना वळणावर पुन्हा कोंबायची. "फसवायलोय आपण तिला," ते म्हणाले. मी म्हणाले, "तिच्या भल्यासाठीच ना." असली वाक्यं मला दवाखान्यात शिकवलेली नव्हती, ती माझी मीच शिकले.

माळावर वेगळीच तऱ्हा झाली होती. कुणाचीच गाय नाही, म्हैस नाही, त्यामुळं वरचं गवत तोडायला कुणी उरलं नाही. यंदा ते कमरेपर्यंत वाढलं आणि वाढून कुसळावर आलं. मेंढरं त्यात दिसेनाशी व्हायची. कुसळं त्यांच्या लोकरीत, ओठांत, डोळ्यांत रुतायला लागली. आप्पा संध्याकाळी एकेक मेंढरू मांडीत धरून कुसळं उपटत बसायचे. आमच्या दवाखान्यातही डोळ्यांत कुसळ गेलेली मेंढरं यायला लागली. इतकं हिरवंगार गायरान मी कधी बघितलं नव्हतं आणि इतकं निरुपयोगीही कधी बघितलं नव्हतं. "पंगत बसली आन् पयला जेवणाराच आला न्हाई," आप्पा म्हणाले.

मला कामावर जावंच लागत होतं. त्या दिवसांत रजा मागितली असती तर तोंड दाखवायची सोय उरली नसती. बसमध्ये माणसं विचारायची, "तुमच्या गायीला काय दिलं? दवाखान्यातलं खास काही आसंल तर आमाला बी सांगा की." त्यांना वाटायचं मी काहीतरी लपवून ठेवलंय. खास काही असतं तर मी ते चोरून आणलं असतं, शप्पथ सांगते. दिवसभर मी दुसऱ्यांच्या दारात ठणकावून बोलायचे. असं करा, तसं करू नका. संध्याकाळी घरी येऊन चिंचेखाली बसले की माझ्याकडं करायला काही नसायचं. गुळाचं पाणी करायचे, ती ओठ ओले करायची आणि सोडून द्यायची. भाकरी कुस्करून हातावर धरायचे. ती हुंगायची आणि मान फिरवायची. मला रडू यायचं आणि रडण्याचा राग यायचा. हे तूच केलंस, असं आप्पा एकदाही म्हणाले नाहीत. म्हणतील म्हणून मी वाट बघायचे.

अशातच एका सकाळी दवाखान्याच्या पायरीवर ती पलीकडच्या गावची बाई दिसली, जिला मी रस्त्यात बोलले होते. मला वाटलं, कुणी तरी हिला आमच्या गायीचं सांगितलं आणि ही वचपा काढायला आली. मी तयारीत होते. तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेले चार शेंगदाण्याचे लाडू काढून माझ्या हातात ठेवले.

"मॅडम, आमच्या गल्लीत तीन गायी गेल्या," ती म्हणाली. "माझी तेवढी वाचली. तुमी रागावलात म्हणून बांधून ठिवली मी. लई वरडायची, पर सोडली न्हाई."

मी लाडू घेतले. "बरं झालं," एवढंच म्हणाले. ती गेल्यावर औषधाच्या खोलीत जाऊन खोक्यांमागं उभी राहिले. तिची गायही ओरडलीच होती. तिनं ऐकून घेतलं, दार बंद ठेवलं. तिला माहिती कमी होती, पण कुणीतरी ठामपणे सांगितलेलं होतं. मला सगळं माहीत होतं आणि मला सांगणारं कुणी नव्हतं. सांगणारी मीच होते. ते लाडू मी घरी नेले नाहीत.

पुढच्या रविवारी माझी सुट्टी होती. सकाळी आप्पांनी शेळ्या सोडल्या. घंटीत चिंधी कोंबायला हात घातला आणि थांबले. गायीनं दोन दिवस मान उचललेली नव्हती. ते म्हणाले, "आज वाजू दे. उठंल तरी. कान तरी हलवंल." मी नको म्हणायला हवं होतं, पण मलाही बघायचं होतं. त्यांनी चिंधी खिशात घातली आणि शेळीला सोडलं. घंटी खणखणली.

गायीचा कान हलला. फक्त कान. मग तिनं पुढचा पाय मातीत घासला, एकदा, दोनदा, आणि मान थोडी उचलून पुन्हा टाकून दिली. तिचं उठणं एवढंच उरलं होतं. आप्पा धावत जाऊन शेळीला धरून उभे राहिले, घंटी मुठीत आवळून. चौदा शेळ्या, सहा मेंढरं दारात खोळंबली. करडं बेंबाटत होती. आदल्या दिवशी कुसळांपायी कळप लवकर परत आणला होता, सगळी अर्धपोटी होती. आप्पांना पुढं जाता येईना आणि मागंही येता येईना. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"काय करू, सांग," ते म्हणाले. "तू दवाखान्यातली हाईस."

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला. साऱ्या जन्मात माझं ऐकलं नाही आणि नेमकं दोनदाच विचारलं. मी म्हणाले, "घेऊन जा. मी बसते हिच्यापाशी." आणि चिंचेखाली जाऊन गायीच्या दोन्ही कानांवर माझे हात दाबून धरले. आप्पांनी मूठ सोडली. घंटी रस्त्यानं वाजत गेली, हापशापाशी, देवळापाशी, मग वळणावर. ऐकू यायचं थांबलं तरी मी हात काढले नाहीत. कान गार होते. कान गार पडले म्हणजे काय, ते मी महिनाभर लोकांना समजावून सांगत होते.

दुपारी ती गेली. मला काहीच करावं लागलं नाही. नुसती बसून होते. ग्रामपंचायतीत कळवलं, ते म्हणाले खड्ड्यासाठी यंत्र सकाळी येईल. आप्पांच्या खिशात फोन होता. दोनदा नंबर काढला आणि दोनदा ठेवून दिला. कळलं असतं तर ते कळप तिथंच सोडून धावत आले असते आणि इथं येऊन त्यांना काय करता येणार होतं? मी गायीवर जुनी गोधडी टाकली, उंबऱ्यावर बसले आणि घंटीची वाट बघायला लागले. घंटी वळणावर वाजली की उठायचं, पुढं जायचं आणि घरात शिरायच्या आधी त्यांना सांगायचं, असं ठरवलं.

दिवस कलला. घंटी वाजलीच नाही. मान वर केली तर आप्पा दारात उभे होते, मागं सगळा कळप. वाकून त्यांनी शेळीला गळ्याशी धरलेलं होतं आणि पायातल्या चपला काढून काखेत घेतल्या होत्या. घंटीत चिंधी घट्ट कोंबलेली होती. ओठांवर बोट ठेवून ते मला हळूच म्हणाले, "निजलीय का? उठवू नको तिला."